गावपळणीची जागा

१

पार्वतीची पाडी, वर्षाची कालवड, झऱ्याच्या काठावर आडवी झाली, पाय झाडले, तोंडाला फेस आला आणि ती मेली. त्यानंतर सगळ्या गावाने माझ्याकडे पाहिलं. पाडीकडे कुणी बघेना.

कारण जागा मी निवडली होती.

आमचं उंबरघोल वैभववाडीच्या वर, सह्याद्रीच्या पायाशी. पौषात आमची गावपळण असते. देवाचा कौल झाला की म्हातारेकोतारे, पोरं, गुरं, कोंबड्या, मांजरं, सगळं घेऊन गाव वेशीबाहेर निघतं. तीन दिवस गाव देवाचा. त्या दिवसांत वेशीच्या आत पाऊल टाकायचं नाही, कुणाचं घर जळत असलं तरी नाही. शहरातल्यांना याचं हसू येतं. येऊ दे. त्यांच्या इमारतीत शेजारी मेला तर वास सुटल्यावर कळतं.

रानात राहुट्या कुठे टाकायच्या ते ठरवायचा मान आमच्या घराचा. घरात थोरली सून असेल ती जागा बघते, तीन दगड मांडून पहिली चूल लावते, मग बाकीचे आपापल्या काठ्या रोवतात. सासू गेली तेव्हापासून हा मान माझा. जागा निवडायला शाळा लागत नाही. वारा कुठून येतो ते बघायचं, रानडुकराची वाट सोडायची, सावली बघायची आणि सगळ्यात आधी पाणी. मी वरचा माळ निवडला. ऐनाची मोठी झाडं, बारमाही झरा, आणि कडेला उभं राहिलं की खाली अख्खं गाव तळहातावर ठेवल्यासारखं.

“आनंदे!” पार्वती ओरडली. माझ्या वयाची बाई, समोरच्या वाडीतली, आणि लग्न होऊन आलो तेव्हापासून आमचं एकमेकींशी पटलेलं नाही. “खाल्लान गो माझी पाडी तुझ्या जागेन! देवाक नको होती ही जागा. तुझ्या नाकापुढे तुका देव तरी कधी दिसता?”

“माझा नाक आसा जागेवर,” मी म्हटलं. “तू आधी तोंड आवर.”

भाई गावकर पुढे आला. गावचा मुख्य तो. माणूस वाईट नाही, पण चार जण ओरडले की त्याला वाटतं देवच बोलला.

“वयनी,” तो म्हणाला, “जनावर मेला म्हणजे जागा बाटली. हय रवाक गावाचा नाय. दिवस मावळूच्या आत ह्या कशान झाला ता तू सांगलंस तर बरा. नायतर मान पार्वतीच्या घराक जातलो.”

लोकांनी माना हलवल्या. ज्यांच्या लग्नात मी भांडी घासली, ज्यांच्या बाळंतपणात मी रात्री काढल्या, त्यांनी सुद्धा. मी एकेकाचं तोंड नीट बघून ठेवलं.

माझ्या बाजूने एकटाच बोलला. गुरुदास, माझा धाकटा दीर.

“वयनीक कशाक बोलतास? तिचो काय दोष?” तो हात जोडून म्हणाला. “वाद नको. आपण सगळी नदीकाठी जावया. दीपेशाची जागा आसा, पाणी आसा. वयनी थय चूल मांडीत.”

किती गोड बोलला. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. गुरुदास गोड बोलतो तो फक्त काहीतरी विकायचं असलं की.

२

सगळे पाडीभोवती गोळा झाले होते. मी झऱ्याकडे गेले.

डबक्यात बोटाएवढे मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. पाण्यावर तेलासारखा तवंग होता. मी वाकले आणि वास घेतला. मग भाईला हाक मारली.

“हय ये. वाक. घे वास.”

“वयनी, माझी कंबर...”

“कंबर मोडली तर मी बांधतंय. वाक.”

वाकला. नाक आक्रसून वर आला.

“काजूच्या मोहरार मारतत ता औषध,” तो म्हणाला.

“देव कोपलो तर बाटली घेवन येणा नाय,” मी मोठ्याने म्हटलं, पार्वतीला ऐकू जाईल असं. “काल जागा बघूक इलंय तेव्हा ह्याच पाण्याची ओंजळ मी प्यालंय, आणि अजून तुमच्या उरावर उभी आसय. माझ्यामागसून कोणीतरी हय विष ओतलान.”

गर्दीत कुजबुज झाली. मग पार्वती म्हणाली, “औषध तर सगळ्यांच्याच घरात आसा. तुझ्या पण.”

खरं होतं ते. मोहराचे दिवस. प्रत्येकाच्या पडवीत ती बाटली होती.

मी त्यांच्यासमोरच म्हटलं, “मगे ओतणारो ह्यांतलोच एक आसा.” कुणाचीच नजर वर झाली नाही. चोर एक आणि मान खाली घालणारे चाळीस, असं आमचं गाव.

३

पहिलं नाव सगळ्यांच्या मनात आलं ते दीपेशचं. माझ्या चुलत दिराचा मुलगा. पुण्याची नोकरी सोडून आला आणि डोंगराच्या सोंडेपलीकडे नदीकाठी तंबू लावून बसला. शहरातले लोक येतात, शेकोटीशी बसून भाकरीचे फोटो काढतात. गावपळणीत सगळ्या गावाने त्याच्याच जागेत राहावं म्हणून तो महिनाभर माझ्या मागे होता.

मी सोंड उतरून गेले. तो चिखलात गुडघ्यावर बसून एक काळा पाईप उपसत होता.

“काय रे, गाव इला तुझ्या दारात. आता तिकिटा लाव. म्हाताऱ्यांचा वेगळा, म्हशींचा वेगळा.”

त्याने वर पाहिलं. चेहरा रागाने लाल.

“काकी, तुझो संशय माझ्यार आसा, होय ना? सरळ इचार मगे.”

“इचारतंय. विष तू घातलंस?”

“हो पाईप खयसून येता बघ.” त्याने हाताने दाखवलं. पाईप ओहोळाच्या कडेने वर चढत होता, माळाच्या दिशेने. “तुझ्या झऱ्याचाच पाणी ह्या. सकाळी टाकी भरून घेतलंय. आता गाव वरसून ओरडत इला म्हणान कळला, नायतर ह्याच पाण्याची चाय मी पावण्यांका दिली असतंय. मी माझ्याच टाकीत विष घालीन? माका गाव होया होता काकी, मढी नको होती.”

मी टाकीच्या झाकणातून वास घेतला. तोच वास, पातळ.

“ओत सगळा,” मी म्हटलं. “आणि तीन येळा धू.”

“माफी तरी माग.”

“तुझ्या आवशीन माका शिकवल्यान नाय ता तू शिकवतस?”

पण चढ चढताना मनात म्हटलं, हा नाही. ज्याने विष ओतलं त्याला पाईपाची आठवण नव्हती. त्याला दीपेशचं भलंही करायचं नव्हतं आणि वाईटही. त्याला फक्त आम्ही माळावर नको होतो.

४

पार्वती पाडीजवळ बसली होती. पाडीच्या अंगावर स्वतःचं जुनं लुगडं घातलं होतं. मी जवळ गेले तशी तिने तोंड फिरवलं.

“इलंस? मान गेलो म्हणान रडूक?”

“रडणारी तू. मी इचारूक इलंय. गुरांका पाणी दाखवताना पयली पाळी कोणाची?”

“तुमची. तुमचो मान! तुमचे बैल प्याल्याशिवाय आमच्या गुरांनी जीभ पण भायर काढूची नाय.” ती माझ्यावर खेकसली. “तीच वाट बघत रवलंय मी. पाडी तान्हेन ओढी घेय होती. तुझो दीर बैल घेवन इलोच नाय. ऐनाखाली बांधून बसलो. म्हणालो, माझे बैल नदीर पिऊन इलेत, तुम्ही जावा. मगे मी पाडीचा दावा सोडलंय.”

“त्येनी तुका जावा म्हटल्यान?”

“माका खंय? सगळ्यांकाच. तोंड वर करून.” मग तिचा आवाज बसला. “मी सोडलंय गो तिका. मीच.”

मला काही बोलायचं होतं, पण तिच्याशी चांगलं बोलायची सवय मला नाही, आणि तिला ऐकायचीही नाही. मी लुगड्याचा एक कोपरा वाऱ्याने उडत होता तो दगडाखाली दाबला आणि उठले.

आमच्या घरात भाऊ भावाला विचारत नाही, पण मानाचं कधी चुकवत नाही. पाण्याची पहिली पाळी म्हणजे गुरुदासची छाती फुगायचा दिवस. आज त्याने ती पाळी सोडली.

५

गुरुदासची राहुटी माझ्या शेजारी. तिथे पोचले तर यशोदा, माझी जाऊ, चुलीपुढे बसून पेज ढवळत होती. पेजेला उकळी आली होती. तांदूळ शिजत आले होते.

मी मागे वळून माळावर नजर फिरवली. एकाही दुसऱ्या चुलीतून धूर नव्हता.

इथे एक सांगायला हवं. आमच्या गावपळणीत गावचं पाणी वेशीबाहेर न्यायचं नाही. कळशी, हंडा, तांब्या, सगळं रिकामं आणि पालथं घेऊन निघायचं. जिथे मुक्काम तिथलं पाणी पहिलं. झरा नासला म्हणून बायका हंडे घेऊन नदीवर गेल्या होत्या आणि अजून एकही चढ चढून आली नव्हती. पोरं भुकेने रडत होती.

“यशोदे, पाणी खयचा गो?”

“नदीचा, वयनी.”

“नदीर तू कधी गेलंस?”

“मी नाय. ह्येनी कालच कॅन भरून हय जाळीत ठेवल्यानी.” तिने करवंदीच्या जाळीकडे बोट केलं. बिचारीच्या मनात काही नव्हतं. “म्हणाले, उद्या धावपळ नको. मी म्हटलंय, झरो तर दहा पावलांर आसा, तर माझ्यार वसकन इले. पेज देव काय तुमका?”

“पोरांका दी. त्यांका भूक लागली हा.”

मी माळाच्या कडेला जाऊन उभी राहिले.

गुरुदासला पाण्याची सोय आधीच करून ठेवायची होती, कारण झऱ्याचं पाणी आपल्याला प्यायचं नाही हे त्याला कालच ठाऊक होतं. सोपं काय होतं? घरच्या विहिरीचं एक कॅन बैलगाडीत गवताखाली दडवून आणायचं. यशोदेलाही कळलं नसतं, मलाही नाही. पण तो उंबरघोलचा. देवाचा नियम मोडायला त्याची छाती झाली नाही. विष ओतलं, पण गावचं पाणी वेशीबाहेर नेलं नाही! म्हणून नदीवर गेला, कॅन भरला, जाळीत लपवला, आणि बायकोच्या चुलीवर सगळ्यांच्या आधी उकळी फुटली.

पण कशासाठी? मान गेला तर त्याच्याही घराचा जाणार होता.

मी खाली पाहिलं. रिकामं गाव. कौलांवर ऊन. एकच डांबरी रस्ता, वळणं घेत वेशीतून आत जाणारा. आणि गावाच्या पाठीला, उतारावर, आमचा सामाईक खैर, अर्धा गुरुदासचा, अर्धा नवऱ्यामागे माझा. जाड, जुना, लाल काळजाचा. गुरुदासला तो तोडून विकायचा होता. दोन वर्षं माझ्या मागे लागला होता, आणि मी प्रत्येक वेळी नाही म्हटलं होतं.

माळावरून तो उतार असा दिसतो की झाडं मोजावीत. नदीकाठावरून काहीच दिसत नाही. मध्ये सोंड येते. करवतीचा आवाज पण पलीकडे जात नाही.

गाव रिकामं, बघणारी माणसं सोंडेआड. असे तीन दिवस वर्षात एकदाच येतात. आणि तोडायला बाहेरची माणसं आणली की आपलं पाऊल वेशीत पडत नाही.

६

आता पुरावा काय? पाण्याचा एक कॅन. तो दाखवला असता तर लोक म्हणाले असते, दीर-भावजयीचं भांडण, देवाच्या कामात कशाला आणता. गुरुदास हात जोडून उभा राहिला असता. रडलाही असता, त्याला येतं ते.

म्हणून मी तोंड बंद ठेवलं. माझ्या जिभेला ते किती जड गेलं ते मलाच माहीत.

“भाई,” मी म्हटलं, “दिवस अजून मावळाक नाय. तोवर मान माझो. मी दुसरी जागा बघितलंय. काठये उपटा.”

“नदीकाठी ना?” गुरुदासने लगेच विचारलं.

“चल तर खरो.”

मी चुलीचे तीन दगड पाटीत घातले, पाटी डोक्यावर घेतली आणि पुढे झाले. माझ्यामागे अख्खं गाव, टाकी धुऊन वर आलेला दीपेश, गुरं, कोंबड्यांचे डालगे. नदीची पायवाट डावीकडे फुटते. मी उजवीकडे वळले. मागे कुजबुज झाली. मी मान वळवली नाही. डांबरी रस्त्यावर आले, वेशीच्या दगडाच्या अलीकडे थांबले, आणि रस्त्याच्या बरोबर मध्ये तीन दगड मांडले.

“खुळावली ही!” पार्वती म्हणाली. “रस्त्यार कोणी चूल मांडता?”

“मोरीखालचो ओहोळ पलीकडच्या डोंगरातसून येता. पाणी मी पिऊन बघतंय.” मी गेले, वास घेतला, सगळ्यांसमोर प्यायले, परत आले. “सावली दोनय बाजूंक आसा. जनावराची वाट नाय. अजून काय होया तुका, गादी?”

“वयनी,” गुरुदास पुढे आला. त्याच्या कपाळावर घाम होता. “असा कसा? गाडी इली तर?”

“खयची गाडी?”

त्याने बाहीने कपाळ पुसलं.

“गाव रिकामा आसा, गुरुदासा. तीन दिवस ह्या रस्त्यार चाक फिरणा नाय. आत कोण आसा जेच्याकडे कोण येतलो? मगे हो रस्तो नाय, आंगण आसा.”

भाईने डोकं खाजवलं. “ता खराच आसा,” तो म्हणाला.

डांबरात काठ्या रोवता येईनात म्हणून लोकांनी त्या रस्त्याच्या दोन्ही कडांना रोवल्या आणि वरून ताडपत्र्या ताणल्या. म्हशी मध्येच बसल्या. म्हैस एकदा डांबरावर बसली की तिला देवही उठवत नाही.

“माझो कोयतो वर माळार रवलो,” गुरुदास म्हणाला. “घेवन येतंय.”

खाली रस्त्यावर मोबाईलला रेंज नाही. माळावर आहे.

“कोयतो कमरेक आसा तुझ्या,” मी म्हटलं. “ही काठी धर. मी सांगी तोवर सोडू नको.”

सगळ्यांदेखत त्याला ती सोडता आली नाही.

७

ऊन कलल्यावर खालच्या वळणावर गियर बदलल्याचा आवाज आला. पोरं उठून उभी राहिली. गुरुदासने काठी धरूनच वळणाकडे पाठ केली.

ट्रक वर आला आणि म्हशींपुढे थांबला. मागच्या हौद्यात पाच-सहा माणसं, दोरखंड, दोन यंत्राच्या करवती. ड्रायव्हरने हॉर्न मारला. एक म्हैस कान हलवून पुन्हा रवंथ करू लागली. मग तो खाली उतरला, ताडपत्र्यांखालून वाकत आत आला आणि डोळे बारीक करून एकेकाला बघू लागला.

मी पेज ढवळत होते.

“अहो गुरुदासभाऊ!” ड्रायव्हर म्हणाला. “हे काय? तुम्ही तर म्हणालात सगळे नदीकडे असणार, रस्त्यावर चिटपाखरू नसेल. खैर न्यायचा का नाही आज?”

एका राहुटीत तान्हं मूल रडलं.

भाई गावकर सावकाश गुरुदासकडे वळला. “रे मेल्या,” तो म्हणाला.

“दीपेशा,” मी म्हटलं, “ट्रकाचो फोटो काढ. नंबर, करवती, माणसां, सगळा.” त्याने काढला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या फोटोचा मला उपयोग झाला. ड्रायव्हरने तोंड झाकलं, पण उशीर झाला होता. वळवायला जागा नव्हती. ट्रक तसाच मागे मागे, वळणामागून वळण, खाली गेला.

गुरुदासने काठी सोडली आणि रस्त्यावर बसला.

“वयनी, झाडा माझी पण आसत. अर्धी माझी. तू देय नव्हतंस. मी तरी काय करू?” तो माझ्या पायांकडे बघत म्हणाला. “पाण्याक वास इलो की तुमी उठून जातलात, एवढाच माका होया होता. जनावर मराचा नव्हता. माझ्या पोरांची शपथ.”

“तुझे बैल ऐनाखाली बांधलंस,” मी म्हटलं. “दुसऱ्यांका जावा म्हटलंस. वासान कोण थांबतलो म्हणान वाटला तुका? तान्हेली पाडी वास घेता?”

त्याने कपाळ गुडघ्यांवर टेकलं.

यशोदा उठली. रडत नव्हती. तिने त्यांच्या दुभत्या गाईचं दावं सोडलं, ती ओढत पार्वतीपुढे आणली आणि दावं तिच्या हातात दिलं. पार्वतीने गाईच्या कासेकडे पाहिलं.

“हिचा दूध पातळ आसा,” ती म्हणाली. पण दावं तिने हाताला दोन वेढे देऊन घट्ट धरलं.

चार तरणे पोरगे बाह्या सरसावून पुढे झाले. मी हातातला पेजेचा डाव आडवा धरला.

“आंगाक हात लावूचो नाय. गावपळणीत मारामारी नाय.” मग मी गुरुदासकडे वळले. “वेशीच्या आत तुका धाडता येणा नाय, आणि आमच्यात तुका ठेवचो नाय. जागा कोणाची खय, ता सांगूचो मान कोणाचो, भाई?”

“तुझो, वयनी,” भाई म्हणाला. पार्वती काही बोलली नाही. तिच्या बाबतीत तो होकारच.

“मगे तुझी जागा वरचो माळ,” मी गुरुदासला म्हटलं. “एकटो. बालदी घेवन जा. झरो उपस, डबक्यातलो गाळ काढ, खड्डो खणून पूर. रानातला एक पाखरू जरी त्या पाण्यार बसाक इला तर हाकल. पाणी साफ झाला असा वाटात तेव्हा माका बोलव. मी येतलंय. पयली ओंजळ तू पिशी, माझ्यासमोर.”

त्याने यशोदेकडे पाहिलं. ती माझ्या चुलीशी जाऊन बसली होती आणि पोरांच्या ताटलीत पेज वाढत होती. त्याने बालदी उचलली.

तो चढ चढून गेला तेव्हा दिवस मावळायला आला होता. माळाच्या कडेला तो उभा राहिलेला आम्हाला खालून दिसला. तिथून खैराचा उतार पूर्ण दिसतो, एकेक झाड. तीन दिवस त्याला दुसरं काही बघायला नव्हतं. जागा मी निवडली होती.